चौकटीतला कवी : उत्कीर्ण व्यक्तिचित्रांतील आकारांचा प्रतीकार्थ

मुद्रित ग्रंथाच्या आरंभी ग्रंथकर्त्याचे चित्र देण्याचा प्रघात युरोपात सोळाव्या शतकात रुजला आणि सतराव्या शतकात चांगलाच फोफावला. ही चित्रे बहुधा तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदून, त्या रेषांत शाई भरून छापलेली असत. साहित्याचे अभ्यासक त्यांच्याकडे वळतात ते प्रायः चरित्राचा पुरावा म्हणून. कवीचे नाक असेच होते काय, केस खरोखर एवढे लांब होते काय, चित्र समक्ष बसवून काढले की दुसऱ्या चित्रावरून, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे मिळाली की चित्र बाजूला ठेवले जाते. चेहऱ्याभोवतीची चौकट मात्र सजावट समजून सोडून दिली जाते. वस्तुतः या चेहऱ्याकडे कोणत्या भावनेने पाहावयाचे, हे तत्कालीन वाचकाला आधी चौकटच सांगत असे. समोरचा माणूस जिवंत आहे की दिवंगत, तो पूज्य आहे, आदरणीय आहे की केवळ परिचित आहे, याचा निर्देश चेहऱ्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या वर्तुळात, लंबगोलात, कोनाड्यात किंवा कठड्यात अधिक स्पष्ट असतो.

प्रतीकाचा विचार करण्यापूर्वी एक साधी अडचण ध्यानात घेणे इष्ट ठरेल. छातीपर्यंतचे चित्र काढावयाचे म्हणजे माणूस कोठेतरी कापावा लागतो. तैलचित्रात फळीची अथवा कापडाची कडच हे काम करते. छापील पानावर तशी कड नसते. तेथे सभोवार पांढरा कागद पसरलेला असतो आणि अर्धे शरीर त्या पांढरेपणात अधांतरी राहते. हा छेद समर्थनीय ठरावा म्हणून उत्कीर्णकाराला काहीतरी कारण निर्माण करावे लागते. माणूस कठड्यामागे उभा आहे, खिडकीतून पाहत आहे, नाण्यावर उमटला आहे, किंवा तो माणूस नसून भिंतीवर टांगलेले त्याचे चित्र आहे, अशी ती कारणे. म्हणजे चौकट प्रथम गरजेपोटी आली. पण गरजेपोटी निवडलेल्या प्रत्येक कारणाबरोबर त्याचा जुना अर्थही चित्रात येऊन बसला. प्रतीकार्थाचा उगम येथे आहे. तो कारागिराच्या मनातील गूढ विचारात शोधण्याचे कारण नाही.

या अर्थांपैकी सर्वांत जुना वर्तुळाचा. रोमन लोक पूर्वजांच्या प्रतिमा ढालीसारख्या गोल फलकांवर करवून मंदिरांत आणि सभागृहांत लावीत. प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या पस्तिसाव्या खंडात या प्रथेची हकीकत दिली आहे आणि ट्रॉयच्या युद्धातील योद्ध्यांच्या ढालींवर त्यांच्या प्रतिमा असत, असे सांगून तिला वीरपरंपरेशी जोडले आहे. रोमन शवपेटिकांवरही मृताचा अर्धपुतळा अशाच गोलात कोरलेला आढळतो, आणि पुष्कळदा दोन पंखधारी आकृती तो गोल उचलून नेताना दाखविलेल्या असतात. गोलातील चेहरा म्हणजे देहापासून सुटून स्मृतीच्या स्वाधीन झालेला चेहरा, हा संकेत तेथे पक्का झाला. ख्रिस्ती कलेने तो उचलून संतांना आणि ख्रिस्ताला दिला.

दुसरा प्रवाह नाण्यांचा. पिसानेल्लो याने १४३८ च्या सुमारास बायझंटाईन सम्राट आठवा जॉन याचे पदक ओतले, तेव्हापासून इटलीतील मानकऱ्यांना आपल्या हयातीतच पदकावर येण्याची हौस लागली. मुद्रकांनी हा आकार लगेच उचलला. १५१७ मध्ये रोममध्ये निघालेल्या आंद्रेआ फुल्वियोच्या संग्रहात प्रसिद्ध पुरुषांचे चेहरे नाण्यांच्या गोलात मांडले आहेत. ल्यों येथील गियोम रुईये याने १५५३ साली प्रसिद्ध केलेला पदकांचा ग्रंथ तर आदम आणि इव्ह यांच्यापासूनच सुरू होतो. आदिमानवाचे नाणे कोणी पाडले असेल, हा प्रश्न त्या काळच्या वाचकाला पडला नसावा. कारण त्याच्या दृष्टीने गोल आकार हाच प्रामाण्याचा शिक्का होता. नाण्यावर आहे म्हणजे इतिहासात आहे, असा तो न्याय. चेहऱ्याभोवती कडेने फिरणारी अक्षरे हीदेखील नाण्याचीच देणगी होय. पुढे लंबगोल चौकटीच्या पट्टीत नाव, वय आणि वर्ष कोरण्याची जी रीत सर्वत्र दिसते, तिचा उगम राजाच्या नावाने पाडलेल्या नाण्याच्या काठात आहे.

जर्मनीत धर्मसुधारणेच्या पहिल्या वर्षांत चौकटीचा प्रश्न केवळ शोभेचा राहिला नाही. थोरल्या लुकास क्रानाखने १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरची दोन उत्कीर्ण चित्रे केली. एकात मुंडन केलेला, गालफडे वर आलेला तरुण साधू कोऱ्या पार्श्वभूमीवर आहे आणि त्याची नजर करडी आहे. दुसऱ्यात तोच साधू हातात ग्रंथ घेऊन कोनाड्यात उभा आहे आणि चेहरा निवळलेला आहे. ल्यूथरवर बहिष्काराचे संकट असताना सॅक्सनीच्या दरबाराला पहिले चित्र फारच लढाऊ वाटले आणि म्हणून कोनाड्याचे चित्र पुढे आणले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. कोनाडा ही संतांच्या मूर्तीची जागा. बंडखोराला तेथे उभे केले की तो परंपरेच्या आत आल्यासारखा दिसतो. पुढच्याच वर्षी हान्स बाल्डुंग याने क्रानाखच्या चित्रावरून केलेल्या काष्ठठशात ल्यूथरच्या मस्तकामागे प्रभावलय आणि वर पवित्र आत्म्याचे कबूतर आले. ज्याने संतपूजेवर टीकेचे शस्त्र उगारले त्याच्याच चित्राला संतांची चौकट मिळावी, यातला विरोध समकालीनांच्या नजरेतून सुटणे कठीण होते. एकच माणूस तीन वेगवेगळ्या वेष्टनांत तीन वेगळी विधाने करतो, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

ड्यूररने १५२६ मध्ये फिलिप मेलांक्थॉन आणि इरॅस्मस यांची चित्रे कोरली, त्यांत गोलही नाही आणि कोनाडाही नाही. मेलांक्थॉनच्या खाली एक दगडी फलक आहे. ड्यूररच्या हाताला फिलिपची मुखमुद्रा उतरविता आली, त्याचे मन मात्र उतरविता आले नाही, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. इरॅस्मसच्या चित्रातला फलक तर इतका मोठा आहे की तो जणू दुसरे चित्रच होऊन बसला आहे, आणि इरॅस्मसची खरी ओळख त्याच्या लेखनातून होईल, असे त्यावर ग्रीकमध्ये बजावले आहे. येथे चौकटीची जागा शिलालेखाने घेतली आहे. शिलालेख म्हणजे समाधी, आणि समाधीवरचा मजकूर नेहमीच देहाची उणीव सांगतो. इरॅस्मसला स्वतःला चित्रातले साम्य पटले नव्हते. पण फलकावरील मजकुराने त्या तक्रारीला आधीच उत्तर देऊन ठेवले होते.

लंबगोलाचा प्रसार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाला आणि सतराव्या शतकात त्याने इतर आकारांना मागे टाकले. त्याविषयी बरेच काही गूढ लिहिले गेले आहे. अंडे हे सृष्टीचे बीज, म्हणून अंडाकृती म्हणजे पुनर्जन्म. बदामाच्या आकाराचे प्रभामंडळ ख्रिस्ताभोवती असते, म्हणून लंबगोल म्हणजे दैवी तेज. अशी विधाने वाचावयास बरी वाटतात, पण उत्कीर्ण चित्रांच्या बाबतीत ती फारशी टिकत नाहीत. बदामाकृती प्रभामंडळ दोन्ही टोकांना निमुळते असते आणि पूर्ण देहाला वेढते. व्यक्तिचित्रातला लंबगोल डोके आणि खांदे एवढ्यांपुरता असून त्याचे जवळचे नाते गळ्यात घालण्याच्या लघुचित्रांशी आणि ताणलेल्या पदकाशी आहे. उभ्या पानावर वर्तुळ बसविले की वरखाली जागा वाया जाते. लंबगोल पानाचाही आकार सांभाळतो आणि माणसाच्या मुखाचाही. अष्टकोनाविषयीही हीच सावधगिरी हवी. आठ हा आकडा ख्रिस्ती परंपरेत पुनरुत्थानाचा, म्हणून बाप्तिस्मागृहे अष्टकोनी बांधीत, हे खरे. पण सतराव्या शतकातील प्रत्येक अष्टकोनी चौकटीत पुनरुत्थान शोधणे म्हणजे प्रत्येक सुताराला धर्मशास्त्री ठरविणे होय.

याला आणखी एक व्यावहारिक आधार आहे. पॅरिसमधील रोबेर नाँतय (१६२३–१६७८) याने दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरली. राजा, मंत्री, धर्माधिकारी, न्यायाधीश, विद्वान अशा सर्वांना त्याने बव्हंशी एकाच साच्याची जागा दिली आहे. दगडी चौथऱ्यावर टेकलेली रुंद लंबगोल चौकट, तिच्यावर नाव आणि पदवी, आणि आत अत्यंत बारीक रेषांनी घडविलेला चेहरा. अशा मोठ्या कारखान्यांत चौकटी आणि वस्त्रे बहुधा साहाय्यक कोरीत आणि चेहरा उस्ताद कोरी. काही मुद्रक तर मध्ये रिकामी जागा असलेला चौकटीचा स्वतंत्र पत्रा तयार ठेवून त्यात निरनिराळ्या लोकांचे चेहरे छापीत. मग अशा यांत्रिक चौकटीत अर्थ कोणता? उत्तर असे की तिचा अर्थ याच एकसारखेपणात आहे. नाँतयच्या लंबगोलात आलेला मनुष्य फ्रान्सच्या मान्यवरांच्या पंक्तीत आला, एवढे ती चौकट सांगते. शिवाय १६६० मध्ये चौदाव्या लुईने उत्कीर्णनाला कारागिरांच्या संघांच्या बंधनातून मुक्त करून मुक्तकलांचा दर्जा दिला. त्यानंतर चौथऱ्यावरची ही भारदस्त चौकट चित्रितांबरोबर उत्कीर्णकाराच्याही प्रतिष्ठेची खूण झाली असल्यास नवल नाही.

संकेत एवढा रूढ झाला की मग त्यापासून ढळण्यालाच खरा अर्थ येऊ लागला. या दृष्टीने इंग्रजी साहित्यातील दोन ग्रंथांची चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओतील, मार्टिन ड्रूशौट याने कोरलेले. हे चित्र सर्वांना इतके परिचित आहे की त्यातील विलक्षण गोष्ट लक्षात येत नाही. त्याला चौकट नाही. लंबगोल नाही, कठडा नाही, लॉरेलची माळ नाही, कुलचिन्ह नाही, लॅटिन लेख नाही. आडव्यातिडव्या रेषांच्या साध्या पार्श्वभूमीवर एक भव्य कपाळ आणि त्याखाली ताटासारखी पसरलेली कॉलर. चित्र ग्रंथनामाच्या पानावरच, नाव आणि मुद्रकाचा उल्लेख यांच्या मधोमध छापले आहे. खिळ्यांचा मजकूर आणि तांब्याचा पत्रा यांना वेगवेगळी यंत्रे लागत. म्हणजे हे पान दोनदा दाबाखाली गेले. एवढा खर्च करणाऱ्या प्रकाशकांना चौकटीपुरती काटकसर करावयाची होती, असे म्हणता येत नाही. त्याआधी सातच वर्षे, १६१६ मध्ये, बेन जॉन्सनच्या ‘वर्क्स’ला विल्यम होल याने कोरलेले कमानी, स्तंभ आणि शोकात्मिका-सुखात्मिकांच्या मूर्ती असलेले भव्य शीर्षकपृष्ठ लाभले होते. नाटककाराला अभिजात परंपरेत बसविण्याची सारी सामग्री लंडनमध्ये उपलब्ध होती. ती येथे वापरलेली नाही.

समोरच्या पानावर त्याच जॉन्सनची वाचकाला उद्देशून दहा ओळींची कविता आहे. तिचा आशय असा की उत्कीर्णकाराने निसर्गाशी झुंज दिली आहे. कवीची बुद्धीही तशीच पत्र्यावर उतरविता आली असती तर या चित्राने सारी चित्रे मागे टाकली असती. ती उतरत नाही, तेव्हा वाचकाने चित्र सोडून ग्रंथाकडे पाहावे. ड्यूररच्या फलकावरचाच हा विचार आहे. पण ड्यूररने तो चित्राच्या आत कोरला होता, येथे तो शेजारच्या पानावर आला. दोन पाने उघडली की कविता हीच चित्राची चौकट होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. फोलिओने शेक्सपिअरला ना पदकावर बसविले, ना कोनाड्यात. त्याला पुस्तकातच बसविले. ड्रूशौटच्या रेखाटनातील दोष, धडाच्या मानाने मोठे झालेले डोके आणि अंगरख्याच्या न जुळणाऱ्या बाजू, हे पुष्कळांनी दाखविले आहेत. लंबगोलाच्या पट्टीने खांदे झाकले असते तर त्यांतील निम्मे दोष दिसलेच नसते. पुढे १६४० मध्ये शेक्सपिअरच्या कवितांची आवृत्ती निघाली, तेव्हा विल्यम मार्शल याने हेच चित्र आरशातल्यासारखे उलटे करून कोरले, खांद्यावर झगा टाकला आणि हातात डहाळी दिली. सतरा वर्षांत साधेपणाची अडचण वाटू लागली होती.

दुसरे चित्र याच मार्शलचे. १६४५ ही सनावळी असलेल्या जॉन मिल्टनच्या पहिल्या कवितासंग्रहाच्या आरंभी ते आहे, आणि त्याची चौकट जेवढी भरगच्च तेवढीच तिची कहाणी उद्बोधक आहे. मधोमध लंबगोल, त्याच्या चारी कोपऱ्यांत मेल्पोमिनी, इराटो, युरेनिया आणि क्लिओ या चार कलादेवता. लंबगोलात मिल्टन, मागे पडदा, आणि पडद्यापलीकडच्या मोकळ्या जागेतून दिसणारे कुरण. तेथे पावा वाजविणारा मेंढपाळ आणि नाचणारी माणसे. म्हणजे शोकगीत, प्रेमकाव्य, आकाशविद्या आणि इतिहास हे चार आधार, आणि आत गोपगीतांचे जग. तरुण कवीने कोठून आरंभ करावा आणि कोठे पोचावे, याचा अभिजात कार्यक्रमच या चौकटीत मांडला आहे. पट्टीवरील लॅटिन लेख सांगतो की हे चित्र इंग्रज जॉन मिल्टनचे, वयाच्या एकविसाव्या वर्षीचे.

चेहरा मात्र एकवीस वर्षांच्या तरुणाचा नाही. गाल ओघळलेले, डोळे जड, ओठ आवळलेले. वाचकाला वाटावे की पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाच्या गळ्यात चुकून दुसऱ्याची पाटी अडकविली आहे. डिसेंबर १६०८ मध्ये जन्मलेला मिल्टन प्रत्यक्षात त्या वेळी छत्तीस-सदतीस वर्षांचा होता आणि आपल्या देखणेपणाविषयी तो उदासीन नव्हता. त्याने जे केले ते ग्रंथेतिहासात अपूर्व म्हणावे असे आहे. चित्राखाली कोरण्यासाठी त्याने चार ओळींची ग्रीक कविता लिहून दिली. चित्र अडाणी हाताने काढले आहे, मूळ चेहऱ्याकडे पाहणाऱ्याला हे लगेच कळेल, आणि मित्रांनी या भिकार चित्रकाराच्या नकलेला हसावे, असा तिचा भाव आहे. मार्शलला ग्रीक येत नसावे. त्याने ती अक्षरे इमानाने पत्र्यावर कोरली आणि आपल्या निंदेखाली आपलीच सही केली.

ही गंमत सर्वश्रुत आहे. तिच्यातील चौकटीचा भाग तेवढा परिचित नाही. कवितेची ती जागा, लंबगोलाच्या खालचा फलक, ही परंपरेने स्तुतीची जागा आहे. ड्यूररच्या शिलालेखापासून नाँतयच्या चौथऱ्यापर्यंत त्या जागेवर जे लिहिले जाते ते चित्राला दुजोरा देणारे, फार तर नम्रपणे त्याची मर्यादा सांगणारे. मिल्टनने त्याच जागेवरून चित्र खोटे ठरविले. शिवाय ते ग्रीकमध्ये केले. म्हणजे ज्याला ग्रीक येते त्या वाचकाला चित्र हसण्यासारखे दिसते आणि ज्याला येत नाही त्याला ते भारदस्त दिसते. एकाच चौकटीने वाचकांचे दोन वर्ग पाडले. पुढे १६५५ मध्ये आपल्या लॅटिन बचावपर ग्रंथात या चित्राविषयीच्या टोमण्याला उत्तर देताना मिल्टनने सांगितले की पुस्तकविक्रेत्याच्या आग्रहामुळे त्याने अकुशल माणसाकडून चित्र कोरू दिले. युद्धाच्या त्या दिवसांत शहरात दुसरा कोणी नव्हता. यादवी युद्धाची झळ कवीच्या चेहऱ्यापर्यंत पोचली होती. याच मार्शलने १६४९ मध्ये ‘आयकॉन बाझिलिकी’ या ग्रंथासाठी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या पहिल्या चार्ल्सचे चित्र कोरले, आणि त्या ग्रंथाला उत्तर देताना मिल्टनला त्या चित्राचाही समाचार घ्यावा लागला. चित्रे किती बोलतात हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

मिल्टनचे दुसरे चित्र विल्यम फेथॉर्न याने १६७० मध्ये समक्ष पाहून काढले आणि कोरले. ‘ब्रिटनचा इतिहास’ या ग्रंथाच्या आरंभी ते आहे. येथेही लंबगोल आहे, पण कोपऱ्यांत देवता नाहीत, मागे कुरण नाही, मेंढपाळ नाही. खाली नाव, बासष्ट हे वय आणि वर्ष. मिल्टन अंध होऊन तोवर अठरा वर्षे लोटली होती. पहिल्या चित्रात चौकटीला सगळे सांगावे लागले, कारण कवीने अद्याप काही सांगितलेले नव्हते. दुसऱ्या चित्राच्या तीन वर्षे आधी ‘पॅरडाइज लॉस्ट’ प्रसिद्ध झाले होते, आणि चौकटीला फारसे काम उरले नव्हते.

लंबगोल मोडण्याचे धाडस हॉलंडमध्ये झाले. रेम्ब्रांटने १६४६ मध्ये धर्मोपदेशक यान कॉर्नेलिस सिल्व्हियस याचे चित्र आम्लाने कोरले, तेव्हा त्याच्या मृत्यूला आठ वर्षे झाली होती. लेखयुक्त लंबगोल चौकट आहे, म्हणजे स्मारकाचा संकेत पूर्ण पाळला आहे. पण सिल्व्हियस त्या चौकटीतून बाहेर वाकला आहे. त्याचा बोलण्यासाठी उचललेला हात पट्टी ओलांडतो आणि हाताची व मस्तकाची सावली चौकटीवर पडते. दगडावर पडलेली ती सावली पाहणाऱ्याच्या जगातल्या प्रकाशाची आहे. मृताला समाधीच्या आत ठेवणारा आकारच त्याला बाहेर येण्याची वाट देतो. रोमन शवपेटिकेवरील गोल येथे आपल्या मूळ अर्थाच्या अगदी विरुद्ध टोकाला पोचला आहे. लगेच पुढच्या वर्षी रेम्ब्रांटने कवी यान सिक्स याचे जे चित्र केले त्यात चौकट मुळीच नाही. सिक्स खऱ्या खिडकीला टेकून, पाठीवर ऊन घेत वाचत उभा आहे. शंभर वर्षे चौकट खिडकीचे सोंग घेत आली होती. येथे खिडकीच आली आणि सोंगाची गरज संपली.

आकार स्थिर आणि चेहरा बदलता, हा प्रकारही या व्यवसायात होता आणि तो चौकटीच्या सत्तेवर चांगला प्रकाश टाकतो. पिएर लोंबार याच्या एका मोठ्या पत्र्यावर व्हॅन डाईकच्या धर्तीचा अश्वारूढ पुरुष आहे. राजकारणाचे वारे फिरत गेले तसतसे घासून आणि पुन्हा कोरून त्या धडावर क्रॉमवेल, चौदावा लुई, पहिला चार्ल्स असे निरनिराळ्यांचे शिर बसले, आणि मधल्या एका अवस्थेतले छाप तर बिनडोक्याचेच आहेत. घोडा, चिलखत आणि सेवक जागचे हलले नाहीत. व्हॅन डाईकच्या स्वतःच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्याने आपले मस्तक कोऱ्या पत्र्यावर काही रेषांत कोरून सोडले होते. त्याच्या मृत्यूनंतर १६४५ मध्ये शंभर चित्रांचा संग्रह निघाला तेव्हा याकोब नेफ्स याने त्या मस्तकाला खाली चौथरा जोडून दगडी अर्धपुतळा केला आणि ते शीर्षकपृष्ठावर आणले. आज रसिकांना अपुरे मस्तकच अधिक मोलाचे वाटते. त्या काळच्या प्रकाशकाला ते बेवारस वाटले असावे.

विल्यम होगार्थने हा सारा व्यवहार उघडा केला. १७४५ च्या आपल्या आत्मचित्रावरून त्याने १७४९ मध्ये जे चित्र कोरले, त्यात तो स्वतः लंबगोलात आहे. पण तो लंबगोल खिडकी नाही, पदकही नाही. ते एक ताणलेले कापड आहे आणि ते शेक्सपिअर, स्विफ्ट व मिल्टन यांच्या ग्रंथांवर टेकवून ठेवले आहे. त्याच्यासमोर खराखुरा कुत्रा बसला आहे. म्हणजे माणूस चित्रातला आणि कुत्रा जिवंत. ज्या चौथऱ्यावर लॅटिन पदव्या कोरल्या जात तेथे इंग्रजी पुस्तके आली. होगार्थला अमरता हवी होती, पण ती आपल्या भाषेच्या पायावर हवी होती, असे या रचनेवरून म्हणता येते. चौदा वर्षांनी, १७६३ मध्ये, कवी चार्ल्स चर्चिलने त्याच्यावर जहरी कविता लिहिली. संतापलेल्या होगार्थने हाच पत्रा घेतला, आपला चेहरा घासून काढला आणि त्याच लंबगोलात चर्चिलला दारूचे भांडे धरलेल्या अस्वलाच्या रूपात कोरले. मानाची चौकट जागेवर राहिली म्हणूनच तो अपमान पुरा झाला.

अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या नॅप्टन बंधूंनी १७४३ ते १७५२ या काळात ब्रिटनमधील नामवंतांची जी चित्रमाला काढली, तिच्यात लंबगोलाभोवती शस्त्रे, ग्रंथ, मुखवटे, राजचिन्हे आणि खाली चित्रिताच्या आयुष्यातले लहानसे दृश्य, अशी सजावट आहे. चेहरे अ‍ॅमस्टरडॅमच्या याकोब हाउब्राकेन याने कोरले. ही चौकट म्हणजे जवळजवळ चरित्रलेखनच आहे आणि म्हणून ती कंटाळवाणीही आहे. सगळे सांगून टाकणारी चौकट वाचकाला काहीच करू देत नाही. शतकाच्या अखेरीस, १७८६ मध्ये, गिल-लुई क्रेत्याँ याने बाजूने दिसणारा चेहरा यंत्राच्या साहाय्याने उतरविण्याची युक्ती काढली आणि लहान वर्तुळातील स्वस्त चित्रे पॅरिसमधील सामान्य नागरिकालाही परवडू लागली. सम्राटांचे वर्तुळ दुकानदाराच्या घरी पोचले, आणि त्यातला राजमुद्रेचा अर्थ तेथेच विरला.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. मूर्तीमागची प्रभावळ, देव्हाऱ्याची महिरप, पूर्वजांचे देवघरातले टाक, भिंतीतला कोनाडा या सर्वांना आपल्याकडे स्वतंत्र अर्थ आहेत आणि ते शब्दांतही उतरले आहेत. १५८० मध्ये जेझुइटांनी अकबराच्या दरबारात उत्कीर्ण चित्रांनी युक्त असे बायबल नेले. पुढे मोगल चित्रकारांनी बादशहाच्या मस्तकामागे पाश्चात्त्य धर्तीचे प्रभावलय घातले, पण त्याला बसविले ते दर्शनाच्या झरोक्यात. लंबगोल व्यक्तिचित्रेही त्या परंपरेत दिसू लागली, तरी झरोक्याची जागा त्यांना घेता आली नाही. पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने शिळाछापावर देवांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे एकाच छापखान्यातून घरोघर पोचविली, तेव्हा महिरपीची आणि पाश्चात्त्य चौकटीची गाठ मराठी भिंतीवर पडली. जुन्या मराठी ग्रंथांत आणि स्मरणिकांत ग्रंथकर्त्याचे छायाचित्र लंबगोलात देण्याची रीत दिसते, ती रोमन ढालीचीच दूरची वंशज होय. अर्थात ते वापरणाऱ्या मुद्रकाच्या हे गावीही नसेल. या चित्रांचा अभ्यास मराठी ग्रंथेतिहासात व्हावयास हवा, आणि तो करताना चित्र कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानासमोर आणि कशाच्या वर छापले आहे, याची नोंद प्रथम घ्यावी लागेल.

कारण चौकटीचा पुरावा फार लवकर नाहीसा होतो. जेम्स ग्रेंजरने १७६९ मध्ये इंग्लंडच्या चरित्रात्मक इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उत्कीर्ण चित्रांची वर्गवार यादी होती. तो वाचून संग्राहकांनी जुन्या ग्रंथांतील चित्रे कापून आपल्या प्रतींत चिकटविण्याचा सपाटा लावला. कात्री बहुधा चित्राच्या कडेने चाले, कधी लंबगोलाच्याही आतून. पुढे छायाचित्रणाने तेच काम अधिक सफाईने केले. मिल्टनवरील कितीतरी पुस्तकांत मार्शलचे चित्र फक्त चेहऱ्यापुरते छापलेले आढळते. चार देवता गेल्या, मेंढपाळ गेला, आणि फलकाबरोबर चार ग्रीक ओळीही गेल्या. उरला तो ओघळलेल्या गालांचा एक अनोळखी गृहस्थ, आणि त्याच्याखाली आता छापलेले असते ते एवढेच, की हा जॉन मिल्टन.